गुंजाळ कान

"फोडणी द्यायची नाही म्हणे. मग मोहरी काय तोंडात धरून बसू?"

हेमावहिनी हे माझ्या कानाशी पुटपुटल्या तेव्हा बाहेरच्या खोलीत रेकॉर्डची पहिली बाजू नुकतीच सुरू झाली होती. मी नेहमीसारखी स्वयंपाकघराच्या चौकटीला टेकून बसले होते. मंडळात सगळ्यात उशिरा आलेल्या सभासदाची ती जागा. निम्मी मी गाण्यात, निम्मी कांद्याच्या वासात.

नगरचं नाव बदलून आता बरीच वर्षं झाली, तरी आमच्या तोंडात नगरच. तिथल्या सावेडीत, एका इमारतीच्या सहाव्या मजल्यावर, शशिकांत गुंजाळसरांकडे दर रविवारी सकाळी आमचं श्रोता मंडळ भरायचं. सर कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवून निवृत्त झालेले. एका बैठकीला एक रेकॉर्ड, दोन्ही बाजू, पहिल्यापासून शेवटपर्यंत. मोबाइल चपलांच्या स्टँडवर. ऐकताना बोलायचं नाही, खोकला आला तर गॅलरीत जायचं, आणि स्वयंपाकघरातून मिक्सर, कुकर, फोडणी यांतलं काहीही ऐकू येता कामा नये. त्यामुळे रविवारी सकाळी वहिनींच्या, म्हणजे सरांच्या बायकोच्या, वाट्याला बिनआवाजाची कामं येत. मेथी निवडायची, लसूण सोलायचा, तांदळातले खडे बघायचे. तांदळात खडे मिळेनासे होऊन जमाना लोटला होता, तरी वहिनी बघत.

बाजू संपली की सर बोलत, आणि लोक निम्मे तेच ऐकायला येत. "अल्बम म्हणजे पंगत," सर म्हणत. "मीठ, लिंबू, चटणी, मग भात. वाढणाऱ्याने विचार करून क्रम लावलेला असतो. तुम्ही मोबाइलवाले पंगतीत शिरता, जिलबी उचलता आणि पळता. वर म्हणता, जेवण झालं." रेकॉर्ड उलटायला खुर्चीतून उठावं लागतं, त्याबद्दलही त्यांचं मत होतं. तेवढ्या वेळात ऐकलेलं खाली उतरतं. यंत्र एकामागून एक गाणी कोंबत राहिलं की काही अंगी लागत नाही. मी दिवसभर शिवणयंत्रावर बसून मोबाइलवर गाणी लावणारी बाई, त्यामुळे अशा वेळी मी फरशीचे डाग बघत असे. पण त्यांचं बोलणं पटायचं. अजूनही पटतं. मत खरं असायला ते सांगणारा माणूस खरा असावाच लागतो, असं काही नाही.

दादेचाही आमच्यात एक रिवाज पडला होता, कुणीच न ठरवलेला. सरांचा उजवा हात गुडघ्यावर असे. गाणाऱ्याने एखादी सुंदर जागा घेतली की त्या हाताची चार बोटं वर जात, डोळे मिटत, आणि सर हलकेच "वा" म्हणत. मग आम्ही. सरांच्या आधी कुणी "वा" म्हटलेलं मला आठवत नाही. कापडबाजारात दुकान असलेले मुनोतशेठ तर सरांच्या बोटांवर नजर लावूनच बसत. बोरुडेकाका, मंडळातले सगळ्यात वडीलधारे, मान खाली घालून मनापासून ऐकत, पण तोंड उघडत ते सरांच्या मागूनच. आणि सरांची बोटं कधी चुकत नसत. नेमक्या जागेवर, श्वासभर अंतराने, उठत.

एकदा मुनोतशेठनी भीड मोडून वहिनींना विचारलं होतं, तुम्हाला कसं वाटलं म्हणून. उत्तर सरांनीच दिलं. "तिला कुकरच्या शिट्ट्या कळतात. तीनच्या पुढे तिथेही ताल चुकतो." सगळे हसले. वहिनीही हसल्या. त्यांना सवय होती, आणि आम्हाला पोहे हवे होते.

*

सरांची एकुलती एक मुलगी ऋजुता पुण्यात 'कानोसा' नावाच्या कंपनीत ध्वनिअभियंता होती. त्या कंपनीने जे काढलं ते आज रिक्षावाल्याच्याही कानात दिसतं, पण तेव्हा नवं होतं, म्हणून थोडं सांगते. ऋजुताने मला सांगितलं तसंच.

शेंगदाण्याएवढं एक यंत्र कानात बसतं. त्याच्या अंगाला बारीक संवेदक असतात, ते कानाच्या नळीतूनच मेंदूतली विजेची हालचाल टिपतात. गाणं ऐकताना आपला मेंदू गाण्याच्या पुढे धावत असतो. आता हा सूर येणार, आता सम येणार. अंदाज दरवेळी बरोबर आला तर कंटाळा. सारखा चुकला तर गोंधळ. आणि चुकतोय चुकतोय म्हणताना बरोबर आला, की अंगावर काटा. तो काटा यंत्राला दिसतो. काट्याच्या आधी माणसाचं लक्ष कशाकडे झुकलं होतं, शब्दाकडे, तंबोऱ्याच्या एका तारेकडे, की गाणाऱ्याने चोरून घेतलेल्या श्वासाकडे, तेही दिसतं. असं पुरेसं ऐकवलं की त्या माणसाच्या ऐकण्याचा नकाशा तयार होतो.

कंपनीची कमाई त्या नकाशात होती. जुन्या ध्वनिमुद्रणातले आवाज सुटे करायची युक्ती सगळ्यांकडे होतीच. हे लोक ते सुटे आवाज कुणा जाणकाराच्या नकाशाप्रमाणे कणभर पुढेमागे करायचे. जिथे त्याचा कान झुकला असता तिथे तो सूर तुमच्या किंचित जवळ यायचा. बसलेले तुम्ही बँकेच्या रांगेत, पण ऐकायचं एखाद्या मुरलेल्या रसिकाच्या कानाने. उसना कान, महिन्याच्या वर्गणीवर. लोकांकडे गाणी ढिगाने होती, ऐकणं संपलं होतं. कंपनीने ऐकणं विकायला काढलं.

सुरुवातीला काही नामांकित कान हवे होते. ऋजुताने वडिलांचं नाव सुचवलं. सर आधी नाही म्हणाले, मोबाइलवाल्यांच्या सात पिढ्या काढल्या, आणि मग झब्बा इस्त्रीला टाकला.

मोजणी बैठकीच्या रविवारीच ठेवली होती, आणि खालच्या मजल्यावरची शेजारीण म्हणून मी चहापाण्यालाही वर होते. तुलनेसाठी एखादा साधा, न शिकलेला कानही लागतो, ऋजुता म्हणाली. सरांनी स्वयंपाकघराकडे हनुवटी उडवली.

"तिला लाव. कान नसलेल्या माणसाचा आलेख कसा दिसतो ते तरी कळेल."

वहिनींनी ओल्या हातांनी यंत्र कानात बसवून घेतलं आणि मेथीकडे वळल्या.

संध्याकाळी ऋजुता माझ्याकडे खाली आली. म्हणाली, दोघांची नावं अदलाबदल झालीत बहुतेक. दुसऱ्या दिवशी तिने यंत्रं बदलून पुन्हा मोजलं. तिसऱ्या दिवशी तारखा, तारा, सगळं तपासून पुन्हा. मग लॅपटॉप माझ्या शिवणयंत्रावर ठेवला आणि माझ्याकडे वळवला.

पडद्यावर दोन रेघा होत्या. एक सह्याद्रीसारखी. सुळके, खिंडी, मध्येच लांब पठार, आणि पुन्हा असा काही चढ की बघणाऱ्याला धाप लागावी. दुसरी माळावरच्या रस्त्यासारखी सपाट. सह्याद्री आईचा होता.

"बाबांना ऐकू सगळं येतं," ऋजुता म्हणाली. "सूर ओळखतात, बेसूर कळतं, राग सांगतात. पण ऐकण्याच्या जागेपासून आनंदाच्या जागेपर्यंत मेंदूत जी वाट असते ना, ती त्यांच्यात नाहीच. शंभरात तीन-चार माणसं अशी असतात. त्यांना जेवण आवडतं, चित्रं आवडतात, माणसं आवडतात. गाणं ऐकताना मात्र आत काहीच होत नाही. हा आजार नाही, त्यामुळे त्याला औषध पण नाही."

सरांच्या सपाट रेघेवर मधूनमधून एक बारकी उसळी होती. मी बोट ठेवून विचारलं, हे काय. ऋजुताने रविवारच्या बैठकीतला आवाज लावून दाखवला. ती उसळी सर "वा" म्हणत तेव्हा नव्हतीच. त्यानंतर आम्ही सगळे "वा" म्हणत असू, तेव्हा होती.

"मग बोटं नेमक्या जागी कशी उठतात?" मी विचारलं. आईचा सुळका आणि बाबांची बोटं यांच्यातलं अंतर तिने मोजलेलं होतं. दरवेळी तेवढंच. श्वासभर.

पुढच्या रविवारी मी चौकटीला टेकून गाणं न ऐकता खोली बघितली. सरांची खुर्ची रेकॉर्डच्या कपाटासमोर असे. स्पीकर एकीकडे, खुर्ची भलतीकडे. आवाजाचा संगम बरोबर इथेच होतो, असं सर सांगत, म्हणून ती कुणी हलवायची नाही. कपाटाला काचेची दारं होती. त्या काचेत सबंध स्वयंपाकघर दिसत होतं. ओटा, परात, मेथीची जुडी आणि वहिनींचे हात. गाण्यात एक वळण आलं. वहिनींचे हात थांबले, काडी बोटांत तशीच राहिली. सरांची बोटं वर गेली.

"वा," सर म्हणाले.

"वा," आम्ही म्हणालो.

*

ऋजुताची गाडी अशा जागी अडकली होती की मागे घेता येत नव्हती. जाहिरात छापून झाली होती. बापाचं खरं सांगितलं तर बाप संपतो, कान मिळाला नाही तर नोकरी. शेवटी तिने आईला सगळं सांगितलं, आणि विचारलं, तुझा नकाशा बाबांच्या नावाने देऊ का.

वहिनी लसूण सोलत होत्या. म्हणाल्या, नाव त्यांचंच राहू दे. दारावरही त्यांचंच आहे.

त्यांना धक्का वगैरे काही बसला नाही. मी बघतच राहिले, तेव्हा त्यांनी मला त्यांच्या बघण्याच्या कार्यक्रमाची गोष्ट सांगितली. पाहुणे बसले होते, वहिनी पोह्यांचा ट्रे घेऊन आतून निघाल्या. खालच्या दुकानात रेडिओ लागला होता. दारातच गाण्याने असं काही वळण घेतलं की त्यांचे पायच थांबले. आणि त्याच क्षणी समोर बसलेला मुलगा म्हणाला, "वा." वहिनींचे वडील गाण्यासाठी वेडे. पोराला कान आहे, म्हणाले, आणि आणखी दोन चांगली स्थळं हातात असताना तिथेच होकार देऊन टाकला.

"मला वाटलं, मला बघून म्हणाले," वहिनी म्हणाल्या. हसल्या. "मग सासऱ्यापुढे रसिक ठरल्यावर काय करतो बिचारा. रेकॉर्डी घ्यायला लागला."

म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून ठाऊक आहे, असं मी विचारणार होते. त्यांनी माझ्या हातात लसणाची साल दिली, कचऱ्यात टाक म्हणाल्या.

*

'गुंजाळ कान' इतका चालला की कंपनीलाही झेपेना. माझ्याकडे ब्लाउज शिवायला येणाऱ्या बायका सांगायच्या, तेच जुनं गाणं, पण आता त्यात कुणीतरी मायेने बोट धरून नेल्यासारखं वाटतं. एक जण म्हणाली, हे गुंजाळ म्हणून जे कोण आहेत, ते बाईमाणसासारखे ऐकतात हो. मी टाचण्या तोंडात धरून मान हलवली.

सरांचे सत्कार झाले, मुलाखती झाल्या. जगाच्या कानाला कान जोडला, असं एक वाक्य त्यांना सुचलं होतं, ते सगळीकडे वापरत. एका मुलाखतीत विचारलं, घरात कुणाला गाण्याची आवड? "घरात एक कान पुरतो," सर म्हणाले. "दोन असले की भांडणं होतात." ती मुलाखत वहिनींनी पोळ्या लाटता लाटता बघितली. पोळ्या गोलच झाल्या.

मंडळातही यंत्रं आली. रेकॉर्ड खोलीत वाजायची, यंत्र ती तिथल्या तिथे सुटी करून आमच्या कानांत सोडायचं. मुनोतशेठचं सरांवर खरंखुरं प्रेम. त्यांनी भेट म्हणून भिंतीवर एक मोठा पडदा लावून दिला. वर ठळक रंगात, नकाशावरून काढलेली गुंजाळ कानाची रेघ, खाली खोलीत बसलेल्या प्रत्येकाची स्वतःची, नावासकट. म्हणजे आपण सरांच्या किती जवळ पोचलो ते ज्याचं त्याला दिसावं. ऋजुताला पुण्यात कळेपर्यंत पडदा लागूनही गेला होता. खुर्ची हलवायची नाही, म्हणून तो लागला सरांच्या पाठीमागच्या भिंतीवर. कपाटाची काच स्वयंपाकघराकडे तिरकी होती, तिच्यात तो येत नव्हता.

पहिल्याच रविवारी आम्ही सगळ्यांनी ते बघितलं. वर सह्याद्री. खाली मुनोतशेठच्या टेकड्या, बोरुडेकाकांचे चांगले मोठे डोंगर, माझे चढउतार. आणि सरांच्या डोक्याच्या बरोबर मागे, त्यांच्या नावापुढे, एक सरळ रेघ.

बाजू संपली. मग मुनोतशेठ म्हणाले, सरांच्या यंत्राची बॅटरी गेली वाटतं.

पुढच्या रविवारीही बॅटरी गेली. त्याच्या पुढच्याही. नवीन यंत्र आलं, त्याचीही गेली. सरांनी एकदा वळून बघायला मान फिरवली तेव्हा बोरुडेकाका पंचाऐंशीच्या वयात टुणकन उठले आणि पडद्यासमोर उभे राहून पाणी मागू लागले. आम्ही सज्जन माणसं होतो. सज्जन माणसांइतका निर्दयपणा दुसऱ्या कुणाला जमत नाही. आम्ही दर रविवारी त्यांच्या डोक्यामागची ती रेघ बघायचो, त्यांच्या बोटांबरोबर "वा" म्हणायचो, आणि जिना उतरताना हवापाण्याबद्दल बोलायचो.

*

वहिनींची स्वतःची म्हणून त्या कपाटात एकच रेकॉर्ड होती. माहेरून आणलेली. यमुना शेवडे नावाच्या बाईंची भावगीतं. एवढी एकच रेकॉर्ड काढून त्या बाई कुठे गेल्या ते कुणालाच माहीत नाही. मोबाइलवर सगळं मिळतं म्हणतात, त्यात ती नव्हती. मी स्वतः शोधली होती. कव्हरवरचा हिरवा रंग उडून राखाडी झालेला. मंडळात ती कधी लागली नाही. हलकं आहे, सर म्हणत.

मोजणीच्या वेळी ऋजुताने ती आईसाठी एकदा सरांना लावायला सांगितली होती. त्या रेघेबद्दल ती मला म्हणाली होती, मी असा आलेख आजवर बघितला नाही, बाई आहे की उत्सव आहे. नकाशाचा गाभा तिथूनच आला. यंत्राने गाणं मात्र साठवलं नाही. ते ऐकताना आईला काय झालं, तेवढं साठवलं. गाण्याची प्रत पुढच्या खेपेला निवांत काढू, असं ठरलं.

कंपनीच्या वर्धापनाला सरांना शाल मिळाली. त्याच आठवड्यात त्यांनी वहिनींसाठी भेट आणली. चौकातल्या कॅफेमध्ये जुन्या रेकॉर्डींची घड्याळं करून मिळतात. मध्ये भोक मोठं करायचं, काटे बसवायचे, वरून चकाकी मारायची. रविवारी पोहे झाल्यावर सरांनी सगळ्यांसमोर खोका उघडला. घड्याळाच्या मधोमध, काट्यांच्या मागे, राखाडी पडलेलं लेबल होतं आणि त्यावर यमुना शेवडे यांचं अर्धं नाव.

"स्वयंपाकघरात गाणं हवं होतं ना तुला," सर म्हणाले. "घे. आता निदान पोळ्या वेळेवर होतील."

मुनोतशेठ हसायला लागले आणि मध्येच थांबले. मी सरांकडे बघत होते. हा विसराळूपणा नव्हता. त्या रेकॉर्डवर वहिनींचे हात किती वेळ थांबतात, ते काचेत त्यांच्याइतकं कुणी बघितलेलं नव्हतं. गाण्याची खूण म्हणून त्यांच्याकडे ते दोनच हात होते, आणि ते हात ज्याला सर्वांत मोठं म्हणत होते त्याला चारचौघांत "वा" म्हणायची सरांची हिंमत नव्हती. मग ते भिंतीवर गेलेलं बरं.

वहिनींनी घड्याळ हातात घेतलं. वळ्यांवरून अंगठा फिरवला. चकाकीमुळे अंगठा घसरत होता.

"छान आहे," त्या म्हणाल्या. गॅसच्या वर खिळा होता, तिथे लावायला मला स्टूल धरायला सांगितलं. लावून झाल्यावर काटे जुळवले. हात जराही कापले नाहीत. त्याचंच मला भय वाटलं.

*

पुढच्या रविवारी ऋजुता आलेली होती. घड्याळ बघून ती आईला काहीतरी विचारत होती, तेवढ्यात सरांनी सुई टेकवली आणि आत सगळं गप्प झालं. रेकॉर्ड एका मैफलीत ध्वनिमुद्रित केलेली होती, जुन्या पद्धतीची. त्यात श्रोत्यांचे खोकले, खुर्च्या सरकल्याचे आवाज, सगळं होतं. सरांच्या मते तीच तिची गंमत. काटछाट केलेलं गाणं म्हणजे बिया काढलेला पेरू, असं ते म्हणत.

पहिल्या जागेवर वहिनींचे हात थांबले. सरांची बोटं उठली. वा. पडद्यावर सुळका. आम्ही वा. सगळं जिथल्या तिथे.

मग विलंबितात एक जागा आली. गाणारा वरच्या सुरापर्यंत गेला, आता लावणार असं वाटलं, आणि लावला नाही. नुसता त्याच्या दारात उभा राहून परत आला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. पडद्यावरची वरची रेघ छताला टेकली. बोरुडेकाकांचा श्वास मला ऐकू आला. मी वहिनींकडे बघितलं. त्यांचे हात चालू होते. काडी मोडली, पानं परातीत, काडी मोडली, पानं परातीत. नेहमीपेक्षा थोडे भरभर.

सर शांत बसून होते. बोटं गुडघ्यावर.

मुनोतशेठनी पडद्याकडे बघितलं, सरांच्या बोटांकडे बघितलं, पुन्हा पडद्याकडे. कुणी वा म्हणालं नाही. अशी जागा आमच्या मंडळात पहिल्यांदाच वाया गेली.

थोड्या वेळाने त्या मैफलीत तबलजीने तबला उतरला म्हणून हातोडीने ठोकून घेतला. ठक, ठक. गाणारा तोवर थांबला. वहिनींचे हात थांबले. त्यांनी मेथीची काडी हवेत धरली, मान किंचित कलती केली, आणि डोळे मिटले.

सरांची बोटं वर गेली. "वा!"

"वा," मुनोतशेठ म्हणाले, सवयीने. आणि मग त्यांनी आपलं तोंड हाताने झाकलं. पडद्यावर कुणाचीच रेघ हलली नव्हती.

"आई," ऋजुता माझ्या पाठीमागे अगदी हळू म्हणाली. वहिनींनी तिच्याकडे बघितलं नाही.

बाजू संपत आली. गाणं थांबलं, मैफलीतल्या टाळ्याही विरल्या, आणि सुई शेवटच्या रिकाम्या वळ्यात फिरू लागली. खर्र. खर्र. खर्र. एरवी सर लगेच उठायचे. वहिनी ओट्याला टेकून उभ्या होत्या. एक हात परातीवर अधांतरी, दुसरा छातीशी. चेहऱ्यावर मी कधी न बघितलेला आनंद होता, आणि तो सगळा खोटा होता. सर काचेत बघत राहिले. खर्र. खर्र. त्यांचे डोळे मिटले. बोटं सावकाश वर गेली.

"वा," ते म्हणाले, अगदी आतून आल्यासारखं. "वा. क्या बात है."

त्यांच्यामागून कुणीच काही म्हणालं नाही.

दाद एकटी पडली तेव्हा सरांनी डोळे उघडले. आम्ही सगळे त्यांच्या डोक्यावरून पलीकडे बघत होतो. ते वळले. या वेळी बोरुडेकाकांना उठायला जमलं नाही.

पदार्थविज्ञान शिकवलेला माणूस. त्यांना आलेख वाचायला वेळ लागला नाही. छताला टेकलेला सुळका बघितला. हातोडीच्या जागेवरची सपाट रेघ बघितली. मग खाली खाली येत स्वतःच्या नावापाशी थांबले.

त्यांनी मुलीला विचारलं, मशीन बिघडलंय का. ऋजुता फरशीकडे बघत होती. मुनोतशेठ म्हणाले, बॅटरी, सर, बॅटरीच असणार. बोरुडेकाका म्हणाले, रेकॉर्ड जुनी आहे, पुन्हा पुसून लावू. सरांनी माझ्याकडे बघितलं. ते बघणं मला आजवर विसरता आलेलं नाही. घरात पाणी शिरताना माणूस शेजाऱ्याकडे बघतो तसं होतं ते. मी म्हणाले, पोहे आणते.

"कुणीतरी सांगा," सर म्हणाले. "काय आहे हे?"

वहिनी ओढणीला हात पुसत बाहेर आल्या. सुई अजून खरखरत होती. त्या सुईला सरांखेरीज कुणी हात लावत नसे. वहिनींनी ती दोन बोटांनी उचलली आणि दांडी जागेवर ठेवली, जशी काही रोज ठेवत आल्यात. खरखर थांबली. आतून घड्याळाची टिकटिक ऐकू यायला लागली.

"तू आत जा," सर म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता.

वहिनी गेल्या नाहीत. कपाट आणि खुर्ची यांच्यामध्ये उभ्या राहिल्या, काच झाकून. मग वाकल्या आणि सरांच्या कानातलं यंत्र काढून घेतलं, लहान मुलाच्या कानातून काही काढावं तितक्या हलक्या हाताने.

"चाळीस वर्षं माझे हात बघितलेत," त्या म्हणाल्या. "एकदा तरी मान वर करून तोंडाकडे बघायचं होतं. मी सांगितलं असतं."

"हेमा."

"मशीन बरोबर आहे. रेकॉर्ड पण बरोबर आहे." त्यांनी सरांचा उजवा हात, ती चार बोटं, आपल्या हातात धरली आणि पुन्हा गुडघ्यावर ठेवून दिली. "तुम्हाला गाणं आवडत नाही हो. कधीच आवडलं नाही."